सीतलेच्या दिवशीचं पांढरं छत

रायपुरात गच्चीवर पांढरी चादर वाळत घालून दाखवा, मग माझ्याशी क्लायमेट चेंजवर बोला. सकाळी घातलेली चादर संध्याकाळी काढायला जा, नुसता हात फिरवा, बोटं काळी होतात. आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आई पांढरं काही बाहेर टाकतच नाही. बाबा रेल्वेत होते, त्यांचे पांढरे शर्ट तिने अख्खी नोकरी आतल्या खोलीत दोरी बांधून वाळवले. कारखान्यांच्या बाजूचा वारा सुटला की ती खटाखट खिडक्या लावते आणि नागपुरी शिव्या सुरू करते. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यातली एकही चुकीची नाही.

आणि अशा या शहरात मी घरांची छतं पांढरी करून द्यायची कंपनी काढली. हसा, खुशाल हसा. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. पत्र्याचं छत उन्हात तापतं, खाली माणसं भाजून निघतात, मग ज्याला परवडतं तो कूलर लावतो, एसी लावतो. त्याला वीज लागते आणि आमच्याकडची वीज कोळशाची. म्हणजे गरमी घालवायला पुन्हा गरमीच पेटवायची. त्यापेक्षा छत पांढरं केलं तर ऊन परत वर फेकलं जातं आणि खोली आपोआप निवते. यासाठी मी चांगली नोकरी सोडली. आईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू पुताई करून राहिली."

"आई, पुताई नाही, स्टार्टअप आहे."

"इंजिनेरी शिकून पुताई करून राहिली तरी काही हरकत नाही. मले फक्त एवढं सांग, दिवाळीत आपलं घर करशील का?"

कंपनीत माझा एक भागीदार होता, कॉलेजातला सोबती. राहणारा शंकर नगरचा, आजोबा वर्ध्याचे, घरात सगळे मराठी बोलणारे. पण हा पोट्टा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर हिंदीतच देणार. त्याला आकडे कळायचे, लोकांशी गोड बोलता यायचं, आणि त्याला माझ्यासारखा पटकन राग येत नसे. दोघांत मिळून एक शहाणं माणूस झालं असतं, असं आई म्हणायची.

आमचं मिश्रण साधं होतं. चुना, डिंक आणि छुही. छुही म्हणजे इकडे बाया भिंती सारवायला वापरतात ती पांढरी माती. पहिलं छत आम्ही पांढरं केलं ते शहर संपून कारखाने सुरू होतात तिथल्या एका पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, अंगणवाडीचं. एक खोली, वर पत्रा, समोर थोडं मैदान. तिथल्या सेविकेला सगळा पारा दीदी म्हणतो, मीही तेच म्हणायला लागले.

दीदीला एप्रिलची भीती वाटायची. आदल्या उन्हाळ्यात एक लेकरू त्या खोलीत खेळता खेळता आडवं झालं होतं. वाचलं ते, पण वरून हुकूम आला की खोली तापली तर दुपारच्या आत कुलूप लावायचं. कुलूप लावायचं म्हणजे काय, ते हुकूम देणाऱ्याने पाहिलं नसणार. त्या लेकरांच्या आया बंगल्यांच्या बांधकामावर विटा उचलतात. अंगणवाडी बंद झाली की लेकरं घरी कोंडली जातात, आणि त्यांच्या घरांवरचे पत्रे अंगणवाडीपेक्षा खाली, म्हणून जास्तच भाजतात. म्हणून दीदीचं मागणं एकच होतं, खोली थंड राहिली पाहिजे आणि दार दिवसभर उघडं राहिलं पाहिजे.

आम्ही छत पांढरं केलं आणि खोली खरंच निवली. दुपारी दीदी लेकरांना ओळीने झोपवायची, आणि ती झोपायची. घामाने निथळून रडत उठायची नाहीत. मी दारात उभी राहून ते पाहायची आणि मला वाटायचं, बस, जग वाचलं. त्याच आठवड्यात जवळच्या कारखान्यातला एक मॅनेजर फोटोवाला घेऊन आला, ड्रोन उडवला, पांढऱ्या छताचे फोटो काढले, "बहुत बढ़िया, मैडम" म्हणाला आणि गेला.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. आधी छत राखाडी झालं, मग काळं. पुसलं, पुन्हा काळं. त्या कारखान्याला धूर गाळायचं यंत्र आहे, पण अंधार पडला की ते बंद ठेवतात, वीज वाचते म्हणे. पाऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे, जसं गल्लीत कोणाचा नवरा पितो ते माहीत असतं, तसं.

मग मी एक रीत घातली. पंडरीच्या कापडबाजारातून पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण आणलं. दर सोमवारी एक चौकोनी तुकडा फाडायचा, छताचा एक कोपरा त्याने पुसायचा आणि तो तुकडा अंगणवाडीत दोरीवर लटकवायचा. बाया येता जाता पाहायच्या. थोड्या दिवसांत दोरी भरली. लेकरांना वाटायचं आम्ही तोरण बांधून राहिलो.

त्या दोरीचे फोटो घेऊन मी शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेले. तिथे काचेच्या एका इमारतीत आमच्यासारख्या नव्या कंपन्यांना सल्ला देणारे लोक बसतात. बाहेर भर दुपारी रस्ता वितळत होता आणि आत एसीने मला हुडहुडी भरली. सल्लागार साहेबांनी माझं सगळं प्रेझेंटेशन पाहिलं, मान डोलवली आणि म्हणाले, "ही काळी स्लाइड काढून टाका. डिप्रेसिंग वाटते. प्रॉब्लेम ग्लोबल दाखवा, सोल्यूशन पॉझिटिव्ह ठेवा."

"साहेब, प्रॉब्लेम तर इथलाच आहे. खिडकीतून दिसतो."

"मॅडम, चिमणीशी भांडून स्केल होत नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पृथ्वी तापतेय म्हणायला यांची हरकत नाही. पृथ्वी वाचवा म्हणायला तर फारच आवडतं. पण ती तापवणारं कोण, त्याच्याकडे बोट दाखवलं की लगेच डिप्रेसिंग. परतीच्या वाटेवर मी भागीदाराचं डोकं खाल्लं. तो गाडी चालवत होता, शेवटी म्हणाला, "यार, तू हर जगह लड़ेगी तो काम कब करेंगे?" त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून मला अजून राग आला.

पुढच्या होळीच्या आधी तोच मॅनेजर पुन्हा आला. आता बोलणं फार मधाळ. कारखाना सगळ्या पाऱ्याची छतं पांढरी करून देणार, अंगणवाडीपासून सुरुवात, उन्हाळ्याच्या आत. सामान त्यांचं, काम आमचं, मजुरी पाऱ्यातल्या बायांना. मैदानात कार्यक्रम होईल, कारखान्याचे बडे साहेब स्वतः येतील, नारळ फोडतील. माझा कानांवर विश्वास बसेना.

"बस एक लाइन आपको माइक पर बोलनी है," तो म्हणाला. "ये जो छत काली होती है, वो बस्ती के चूल्हों के धुएँ से होती है. आप एक्सपर्ट हैं, आप बोलेंगी तो वज़न पड़ेगा."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे काजळी यांची, आणि पावती फाडायची बायांच्या चुलीच्या नावाने! मी तोंड उघडणार एवढ्यात भागीदाराने माझं कोपर दाबलं आणि "सोचकर बताते हैं" म्हणून त्याला वाटेला लावलं.

मग आमचं भांडण जुंपलं. तो म्हणाला, एका वाक्याने काय होतं, लेकरं झोपतील ते बघ. "बच्चे पहले, चिमनी बाद में." मी म्हटलं, आज मी हे बोलले तर उद्या चिमणीविरुद्ध कोणी तक्रार केली की हे माझंच वाक्य काढून दाखवतील. तो म्हणाला, "और अप्रैल में ताला लगा तो दीदी को तू क्या दिखाएगी, अपना उसूल?" मी घरी आले, जेवले नाही, आणि आईवर उगीच खेकसले.

आईने ते मनावर घेतलं नाही. तिने सगळं नीट विचारून घेतलं, कोण, कुठे, काय बोलायचं. मग कार्यक्रम कधी म्हणून विचारलं. मी दिवस सांगितला. आईने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, त्या दिवशी तर सीतला आहे!"

"मग?"

"मग काय मग? आपल्याकडे शिळासप्तमी श्रावणात असते, यांच्याकडे होळी झाल्यावर. त्या दिवशी तुझ्या त्या पाऱ्यातल्या बाया चूल पेटवतील का? आदल्या दिवशीचं बासी खाऊन राहतात त्या. चुलीले विसावा असते." ती खो खो हसायला लागली. "मुहूर्त काढला तर काढला मेल्याने!"

दुसऱ्या दिवशी मी दीदीला विचारलं. हव, म्हणाली ती, पाऱ्यात सगळे पाळतात, काही घरं तर देवीच्या भीतीने चहासुद्धा करत नाहीत. मग मी तिला मॅनेजरचं ते वाक्य सांगितलं. दीदी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "हमर चूल्हा? हव, अब इही बाँचे रिहिस," म्हणाली. आता एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

"दीदी, मी काय करू? बोलले तर छत मिळेल. नाही बोलले तर ते लोक निघून जातील आणि एप्रिल तसाच येईल."

तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाली की तुला बोलायचं ते बोल, मी समोर बसलेली असेन.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बायांनी उजेड असतानाच सगळा स्वयंपाक उरकला. चुली विझवल्या, थंड झाल्यावर छुहीने सारवल्या, हळदकुंकू वाहिलं. दीदीने घरोघर फिरून पाहिलं. त्यानंतर आम्ही दोघींनी पंडरीचा उरलेला मांजरपाट अंगणवाडीच्या छतावर अंथरला आणि कडेला विटा ठेवल्या. खाली मैदानात टेंटवाले खुर्च्या मांडून राहिले होते. मॅनेजरच्या डोक्यात कल्पना आली होती की पांढऱ्या छताचा कार्यक्रम, तर सगळं पांढरंच पाहिजे. पांढरा मंडप, पांढरी चादर, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी. मी त्याला काही बोलले नाही. माझा स्वभाव एवढाही चांगला नाही.

सकाळी आम्ही छतावरचा कपडा काढला. त्याच्याबद्दल काय सांगू? दीदीने तो उचलून झटकला आणि आम्ही दोघी खोकलो.

टेंटवाल्याची पोरं खुर्च्या झटकून झटकून थकली होती. ती झटकायची, काळा धुरळा उडायचा आणि मागच्या खोळींवर जाऊन बसायचा. बडे साहेब पांढरा शुभ्र कुर्ता पायजमा घालून आले. कोणी खुर्ची पुसायच्या आतच ते मधल्या खुर्चीवर बसले. हारतुरे झाले. मग ते नारळ फोडायला उठले आणि पाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. पायजम्याच्या मागे दोन काळी वर्तुळं, ठसठशीत. सगळ्या बाया पदराआड हसायला लागल्या. एक म्हातारी तर हसू आवरेना म्हणून चक्क उठून भिंतीमागे गेली. मॅनेजरला दिसत होतं, पण साहेबाला सांगायची हिंमत कोण करणार?

तशा अवतारात साहेब माइकवर बोलले. पर्यावरण, धरतीमाता, नव्या राज्याचं भविष्य. आणि शेवटी, आपल्या माताभगिनींनी चुलीचा धूर कमी केला पाहिजे, म्हणजे हे आकाश स्वच्छ राहील. टाळ्या मॅनेजरने वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं.

मैदानाच्या कडेला टेम्पोतून चुन्याचे ड्रम उतरवून ठेवले होते. लेकरं त्यांच्याभोवती पकडापकडी खेळत होती. पहिल्या रांगेत, जमिनीवर, दीदी बसली होती. मागे भागीदार उभा होता आणि नजरेने मला म्हणत होता, बोल, एकच वाक्य आहे. मी माइक हातात घेतला. त्या ड्रमांकडे पाहिलं की ते वाक्य जिभेवर यायचं, दीदीकडे पाहिलं की गिळलं जायचं.

मी छत्तीसगढीत विचारलं, "आज काकर घर चूल्हा बरे हे?" आज कोणाच्या घरी चूल पेटली आहे?

कोणी हात वर केला नाही. मी पुन्हा विचारलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "सीतला हे आज!" कोणीतरी ओरडलं. "कालपासून चूल थंड आहे!" मी दीदीला खूण केली. तिने तो कपडा आणला आणि आम्ही दोघींनी दोन टोकं धरून तो साहेबांसमोर उघडला. मी म्हटलं, हा काल संध्याकाळी पांढरा होता. पाऱ्यातली एकही चूल पेटलेली नसताना हा काळा झाला. आता ही काजळी कोणाच्या घरची, ते साहेबांनीच सांगावं, आणि त्यांनी एकदा आपला पायजमाही पाहून घ्यावा.

हे शेवटचं मी बोलायला नको होतं असं भागीदार आजही म्हणतो. मला नाही वाटत.

साहेब मागे हात फिरवून पाहत होते. मॅनेजर धावत आला, त्याने कपडा बोटांत धरून चुरगाळला आणि काय म्हणावं? "कपड़ा ही घटिया है. पंडरी का माल है न, रंग छोड़ रहा है." पांढरं कापड काळा रंग सोडतं! देवा, निदान खोटं तरी नीट बोला रे!

मग जे झालं ते फार पटापट झालं. गाड्या निघून गेल्या. टेंटवाल्यांनी मंडप उतरवला. आणि ते चुन्याचे ड्रम, जे सकाळी उतरवले होते, ते त्याच टेम्पोत परत चढवले. लेकरं उभी राहून पाहत होती. एकाने दीदीला विचारलं की ते परत कशाला नेतात. दीदीने त्याला कडेवर घेतलं आणि आत गेली. त्या क्षणी माझी सगळी ऐट उतरली. मी अंगणवाडीच्या पायरीवर बसून रडले, रागाने रडले. भागीदार शेजारी येऊन बसला. मला वाटलं आता ऐकवेल. तो मराठीत म्हणाला, "चल, छुही आणू." ओळख झाल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी मराठीत बोलला असेल.

छुही बायांनीच आणली. वाडग्यात कालवून, जुन्या साडीच्या बोळ्याने, आळीपाळीने शिडीवर चढून त्यांनी छत सारवलं. आमच्या मिश्रणाइतकं ते टिकायचं नाही, पण दर वेळी चुना-डिंक घालायला आमच्याकडे पैसे नव्हते. पंधरवड्यात काळं पडायचं, पुन्हा चढायचं. तो एप्रिल असा गेला की काही दिवस दार दिवसभर उघडं राहिलं आणि काही दिवस दुपारच्या आत कुलूप लागलं. कुलूप लागलं त्या दिवशी दीदी मला फोन करायची नाही. मला ते इतरांकडून कळायचं.

कंपनी अजून आहे. भागीदार आहे, आईही आहे, तिचं घर मात्र अजून पुतायचं राहिलंय. बऱ्याच पाऱ्यांत आमची छतं पांढरी आहेत, जिथे वारा दुसरीकडून येतो. तक्रारी आम्ही जागोजाग केल्या, ते काळे तुकडे जोडून केल्या. कोणी आलं, पाहून गेलं. चिमणी तशीच आहे.

नव्या वर्षाला कारखान्याने शहरभर कॅलेंडर वाटलं. गुळगुळीत कागद, दर महिन्याला एक चित्र. एप्रिलच्या पानावर आमच्या अंगणवाडीचं छत होतं, तोच ड्रोनचा फोटो, पांढरं शुभ्र. खाली लिहिलं होतं, स्वच्छ आसमान, हमारा योगदान. एक प्रत अंगणवाडीतही टाकून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी ते फाडायला निघाले होते. दीदीने माझ्या हातातून काढून घेतलं. एप्रिलचं पान वर केलं आणि बाहेर त्या दोरीवर, सोमवारच्या कपड्यांच्या शेजारी चिमट्याने अडकवलं.

एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा दार उघडं होतं. लेकरं झोपली होती. वर पत्र्यावर कोणीतरी बाई छुही लावत होती, तिच्या पावलांचा आवाज येत होता. दोरीजवळून जाताना मी कॅलेंडरकडे पाहिलं. फोटोतलं छत काळं झालं होतं.